कोयत्याची भीती आणि आत्मसंरक्षणाचा अधिकार

पुणे शहरात २०२२ सालच्या अखेरीस 'कोयता गँग' हे दोन शब्द वृत्तपत्रांत रोज दिसू लागले. डिसेंबर महिन्यात सिंहगड विधी महाविद्यालयाच्या परिसरात दोघा तरुणांनी हातात कोयते घेऊन वाटेत येईल त्याच्यावर चाल केली. त्या प्रसंगाची दृश्ये घरोघरी पाहिली गेली. विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनातही हा विषय उपस्थित झाला. पोलिसांनी कोयते बाळगणाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली. तरीही रात्री-अपरात्री गाड्यांच्या काचा फोडणे, रस्त्याने जाणाऱ्यास अडवून वार करणे असे प्रकार त्यानंतरही घडत राहिले. या बातम्यांत दोन गोष्टी पुनःपुन्हा आढळतात. हल्लेखोरांमध्ये अठरा वर्षांखालील मुलांचा भरणा असतो, आणि ज्याच्यावर वार होतो त्याचे त्या मुलांशी अनेकदा कसलेही वैर नसते. तो केवळ त्या वेळी त्या रस्त्यावर असतो.

अशा वेळी सामान्य माणसाच्या मनात एक प्रश्न येतो, आणि रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात तो आमच्याही कानावर आला आहे: आपणही स्वतःजवळ काही बाळगावे काय? या प्रश्नाला दोन तयार उत्तरे ऐकू येतात. एक असे, की ख्रिस्ती माणसाने दुसरा गाल पुढे करावयाचा असतो, तेव्हा विषयच संपला. दुसरे असे, की शासन रक्षण करीत नाही, म्हणून ज्याने त्याने आपले शस्त्र आपण उचलावे. ख्रिस्तसभेची शिकवण या दोहोंपैकी एकही नाही. ती काय आहे आणि आपल्या देशाचा कायदा तिच्याशी कोठवर जुळतो, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम कोयत्याविषयी. हे मुळात शस्त्र नव्हे. वसईच्या वाडीत केळीचा घड उतरविण्यासाठी, कोकणात नारळ सोलण्यासाठी, देशावर ऊस तोडण्यासाठी ते घरोघरी असते. ऊसतोड मजुरांच्या व्यवहारात तर नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणून मोजले जाते. कष्टकऱ्यांच्या पोटापाण्याचे हे अवजार मुलांच्या हाती धाकाचे साधन व्हावे, याचे आम्हांला वाईट वाटते. परंतु कायद्याच्या दृष्टीने अडचणही येथेच आहे. शस्त्र अधिनियम १९५९ व त्याखालील नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे नियंत्रणाखाली आणली, पण घरगुती व शेतीची अवजारे त्यांतून वगळली. म्हणून कोयता शेतात निर्दोष असतो. तोच कमरेला खोचून रात्री चौकात उभा राहिलेल्यावर शस्त्र अधिनियमाखाली व महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो. हा नियम हल्लेखोराला जसा लागू आहे, तसाच त्याच्या भीतीने कोयता पिशवीत ठेवणाऱ्या सज्जनालाही लागू आहे. पुष्कळांना हे ठाऊक नसते.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. जुन्या करारात निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात एक नियम आहे. रात्री घर फोडताना सापडलेला चोर घरधन्याच्या माराने मेला, तर घरधन्यावर रक्तपाताचा दोष नाही. सूर्य उगवल्यावर तसे घडले, तर मात्र दोष आहे. अंधारात येणारा चोरी करावयास आला की जीव घ्यावयास, हे कळत नाही आणि हाकेला कोणी येत नाही. उजेडात दोन्ही गोष्टी बदलतात. म्हणजे 'हल्ला झाला' एवढ्यावरून प्रतिकाराचे माप ठरत नाही, निरुपाय किती होता यावरून ते ठरते. हा विचार इतका जुना आहे.

दुसरा गाल पुढे करण्याविषयी प्रभू येशूने जे सांगितले (मत्तय ५:३९), ते सूडाच्या जुन्या नियमाला उत्तर म्हणून सांगितले. तेथे उल्लेख उजव्या गालावरील चपराकीचा आहे. उजव्या हाताच्या माणसाने समोरच्याच्या उजव्या गालावर मारावयाचे, तर ते हाताच्या मागील बाजूनेच. म्हणून अनेक भाष्यकार त्यास अपमानाची चपराक समजतात, प्राणघातक हल्ला नव्हे. शिवाय मुख्य याजकापुढे चौकशी चालू असता शिपायाने चपराक मारली, तेव्हा प्रभूने मुकाट्याने दुसरा गाल केला नाही. आपले काय चुकले ते सांग, नाही तर का मारतोस, असा सरळ जाब विचारला (योहान १८:२३). प्रतिहल्ला केला नाही, पण अन्यायाला अन्याय म्हटले. शेवटच्या भोजनाच्या वेळी तलवार विकत घेण्याविषयीचे जे वचन लूकच्या शुभवर्तमानात आहे, ते शस्त्रधारणेचा परवाना म्हणून काही जण पुढे करतात. शिष्यांनी दोन तलवारी दाखविल्या आणि प्रभूने तेवढ्यावर विषय थांबविला. त्याच रात्री पेत्राने त्यांतील एक उपसली, तेव्हा प्रभूने त्याला थांबविले. या दोन तलवारींवर कोणी सशस्त्र आत्मसंरक्षणाचे शास्त्र उभारू पाहील, तर तो पाया फारच तोकडा होईल, असे आमचे मत आहे.

आरंभीच्या धर्माचार्यांत या बाबतीत एकमत नव्हते. संत ऑगस्टीनने सन ३९८ च्या सुमारास पुब्लिकोला नामक गृहस्थास लिहिलेल्या पत्रात असे मत दिले, की स्वतःचा जीव वाचविण्यासाठी दुसऱ्याचा जीव घेणे आपणांस मान्य नाही. सैनिक किंवा सार्वजनिक कर्तव्य बजावणारा अधिकारी यांची गोष्ट वेगळी. हे मत कठोर वाटेल, पण त्यामागे भीती आहे ती मनातील द्वेषाची. मारताना माणूस रक्षण करीत असतो की सूड घेत असतो, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पकडून तो प्रश्न सोडविला. 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात ते दाखवितात, की एकाच कृतीचे दोन परिणाम असू शकतात: एक हेतूतला, दुसरा हेतूबाहेरचा. अंगावर आलेल्या माणसाला रोखण्यासाठी मी त्याला ढकलले आणि तो डोके आपटून मेला, तर माझा हेतू माझा प्राण वाचविण्याचा होता. त्याचा मृत्यू हा त्या कृतीचा परिणाम असला तरी माझा हेतू नव्हता. अशी कृती निषिद्ध नाही, कारण स्वतःचे अस्तित्व राखणे ही प्रत्येक जिवाची स्वाभाविक प्रवृत्ती आहे आणि दुसऱ्याच्या जिवाहून स्वतःच्या जिवाची काळजी वाहण्यास माणूस अधिक बांधलेला आहे. मात्र थॉमस लगेच मर्यादा घालतात. हेतू चांगला असला, तरी गरजेपेक्षा अधिक बळ वापरले तर ती कृती गैर ठरते. खासगी व्यक्तीने ठार मारण्याचाच हेतू धरणे तर मुळीच विहित नाही. तो अधिकार लोकहितासाठी काम करणाऱ्या सार्वजनिक सत्तेपुरताच ते मानतात, आणि वैयक्तिक आकसाने वागल्यास तीही पापी ठरते असे बजावतात.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण-ग्रंथाने (परिच्छेद २२६३ ते २२६५) हीच शिकवण स्वीकारली व तीत एक भर घातली. ज्याच्यावर इतरांच्या जिवाची जबाबदारी आहे, त्याच्यासाठी संरक्षण हा नुसता हक्क राहत नाही, ते गंभीर कर्तव्य होऊ शकते. स्वतःवरील वार सोसण्याचा निर्णय एखादा भक्तिमान माणूस घेऊ शकेल; पण शेजारी लहान बहीण उभी असताना तिच्यावरील वार सोसण्याचा निर्णय घेण्याचा त्याला अधिकार नाही.

हल्लेखोर अजाण मुलगा असेल तर? पोप जॉन पॉल दुसरे यांच्या १९९५ च्या 'इव्हँजेलियुम व्हिटे' या विश्वपत्रात (परिच्छेद ५५) याचा विचार झालेला आहे. हल्लेखोराला निरुपद्रवी करताना त्याचा जीव गेला, तर त्या परिणामाचे मूळ त्याच्याच कृतीत आहे, मग विवेकशक्तीच्या अभावी तो स्वतः नैतिकदृष्ट्या दोषी नसला तरीही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे समोरचा दोषी असल्यामुळे संरक्षणाचा हक्क मिळत नाही. तो धोका असल्यामुळे मिळतो. पण याचीच दुसरी बाजू अशी, की धोका संपताक्षणी हक्कही संपतो. कारण तो शिक्षा देण्याचा हक्क कधीच नव्हता.

ही मर्यादा प्रत्यक्षात कशी ओलांडली जाते, याचे आम्हांला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे नाही, अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे आहे. तेथील खटल्यात संत थॉमसचा हेतूविषयक प्रश्न जणू न्यायालयातच विचारला गेला. २२ डिसेंबर १९८४ रोजी भुयारी रेल्वेच्या डब्यात अठरा-एकोणीस वर्षांच्या चार मुलांनी बर्नहार्ड गोएट्झ नावाच्या सदतीस वर्षांच्या प्रवाशास गाठले व त्यांच्यातील एकाने पाच डॉलर मागितले. गोएट्झवर १९८१ साली एकदा हल्ला होऊन तो जखमी झाला होता. त्यानंतर त्याने परवाना मागितला, तो नाकारला गेला, तेव्हा परवान्याविनाच तो पिस्तूल बाळगू लागला होता. त्याने पाच गोळ्या झाडल्या. चौघेही जखमी झाले. एक जन्माचा पांगळा झाला. गुन्हेगारीने त्रासलेल्या शहरातील पुष्कळ लोकांनी आरंभी त्याला वीर ठरविले. गोळ्या झाडणारा गोरा व चौघे मुलगे काळे होते, त्यामुळे त्या वादाला वंशभेदाचीही धार आली.

नऊ दिवसांनी तो पोलिसांसमोर हजर झाला, आणि ध्वनिचित्रमुद्रित जबाबात त्याने स्वतःच सांगितले, की त्यांना ठार मारावे, शक्य तेवढे दुःख द्यावे हाच आपला हेतू होता. एकाला फारसे लागलेले दिसत नाही असे पाहून आपण त्याच्यावर आणखी एक गोळी झाडली. ती शेवटची गोळी नेमकी कशी झाडली गेली, यावर पुढे न्यायालयात वाद झाला. १९८६ साली न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ठरविले, की हल्ल्याची भीती नुसती प्रामाणिक असून भागत नाही, त्या परिस्थितीतील समंजस माणसालाही ती वाटली असती, अशी ती असली पाहिजे. १९८७ साली ज्यूरीने गोएट्झला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून मुक्त केले व बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी धरले. त्याने सुमारे आठ महिने तुरुंगवास भोगला. १९९६ साली दिवाणी न्यायालयातील ज्यूरीने पांगळ्या झालेल्या तरुणास ४ कोटी ३० लाख डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला. एका ज्यूरीने सोडले, दुसरीने जबाबदार धरले. कायद्याचे पंडित यावर आजही वाद घालतात. संत थॉमसच्या मापाने मात्र उत्तर कठीण नाही: पहिल्या गोळीविषयी वाद होऊ शकतो, दुःख देण्याच्या हेतूविषयी होऊ शकत नाही. आम्हांला या प्रकरणात अधिक महत्त्वाची वाटते ती १९८१ ते १९८४ ही तीन वर्षे. तीन वर्षे एक भेदरलेला माणूस खिशात शस्त्र घेऊन फिरत होता.

अमेरिकेतच २०१३ साली मुलांच्या टोळीने अनोळखी पादचाऱ्यास एका ठोशात बेशुद्ध करण्याच्या प्रकारांची मोठी चर्चा झाली. हा प्रकार फार पसरला आहे की काही घटनांचा गवगवा झाला, याबद्दल तेव्हा पोलिसांतही दुमत होते. पण त्यातून एक व्यवहारातली गोष्ट कळते. अकारण आणि अचानक झालेला हल्ला दोन-तीन क्षणांत संपतो. पिशवीतील शस्त्र बाहेर निघेपर्यंत वार झालेला असतो, आणि नंतर जे निघते ते बहुधा पळणाऱ्याच्या पाठीवर चालते.

आपला कायदा या शिकवणीच्या आश्चर्य वाटावे इतका जवळ आहे. भारतीय दंड संहितेची कलमे ९६ ते १०६ खासगी संरक्षणाच्या हक्काची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ३४ ते ४४ म्हणून आली आहेत. कलम ३५ प्रमाणे स्वतःचे तसेच दुसऱ्या कोणाचेही शरीर वाचविण्याचा हक्क आहे. कलम ३६ प्रमाणे हल्लेखोर लहान वयामुळे किंवा मनोविकलतेमुळे स्वतः गुन्हेगार ठरत नसला, तरी त्याच्याविरुद्ध तोच हक्क असतो. विश्वपत्रात जे वाचले तेच येथे आहे. कलम ३७ प्रमाणे पोलिसांची मदत घेण्यास अवधी असेल तर हा हक्क नाही, आणि संरक्षणासाठी लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. हल्लेखोराचा मृत्यू ओढवण्यापर्यंत हा हक्क जाऊ शकतो, तो कलम ३८ मधील प्रसंगीच: प्राणाचे भय, जबर दुखापतीचे भय, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला इत्यादी. कोयत्याचा वार यांत सहज बसतो; पाकीट हिसकावणे किंवा गाडीची काच फोडणे बसत नाही. कलम ४० प्रमाणे भीती जोवर टिकते तोवर हक्क टिकतो.

न्यायालये या बाबतीत निर्दय नाहीत. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की जिवावर बेतलेल्या माणसाकडून प्रतिकाराचे सोनाराच्या काट्यावर मोजमाप करण्याची अपेक्षा धरता येत नाही. पण आपण संरक्षणार्थ वागलो हे दाखविण्याचा भार आरोपीवरच येतो. ज्याच्या पिशवीत आधीपासूनच चाकू वा कोयता होता, त्याला हे दाखविणे किती अवघड जाईल, हे सांगावयास वकील नको.

मग निःशस्त्र माणसाने काय करावे? २७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत एका तरुणीवर कोयत्याने हल्ला झाला. हल्लेखोर तिच्या ओळखीचा होता, अल्पवयीन नव्हता. म्हणून हा प्रसंग आमच्या विषयाच्या थोडा बाहेरचा आहे. परंतु बघ्यांच्या गर्दीतून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक विद्यार्थी पुढे आला, त्याने वार करणारा हात व कोयता मोकळ्या हातांनी धरला आणि तिचे प्राण वाचले. प्रत्येकाने असे करावे, असे आम्ही म्हणणार नाही. धावत सुटणे, आरडाओरडा करणे, दुकानात शिरणे यांतही कमीपणा नाही. मिरपुडीचा फवारा बाळगण्यास परवाना लागत नाही आणि त्याने कोणी जन्माचे पांगळे होत नाही. एकट्यादुकट्या प्रवास करणाऱ्या भगिनींना आम्ही तो जरूर सुचवू.

अल्पवयीन हल्लेखोरांविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण 'त्यांना कायदा काहीच करीत नाही' या समजुतीतूनच शस्त्राची भाषा येते. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे अठरा वर्षांखालील मूल 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणून बाल न्याय मंडळापुढे येते. तथापि सोळा ते अठरा वयोगटातील मुलाने निर्घृण गुन्हा केला असेल, तर प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविता येतो. याच कायद्यात मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे. या तरतुदीखाली खटले भरले गेले, तर चौकातील कोयत्यामागचा हात सापडेल, असे आम्हांस वाटते. ख्रिस्तसभेचा धर्मकायदाही सोळा वर्षे पूर्ण न झालेल्यास दंडास पात्र मानीत नाही (नियम १३२३). योग्य मर्यादेत राहून आत्मसंरक्षण करणाऱ्यासही त्याच नियमाने सोडले आहे. हल्ला करणारे मूल आणि संरक्षण करणारा माणूस, दोघे एकाच नियमात शेजारी आहेत.

संत जॉन बॉस्को यांनी १८४१ नंतर ट्यूरिनच्या तुरुंगांत बारा ते अठरा वर्षांची मुले डांबलेली पाहिली आणि त्यातून त्यांच्या कार्याला दिशा मिळाली. त्यांच्यावरही रात्रीच्या वेळी मारेकरी धावून आले. अशा वेळी कोठून तरी येणाऱ्या 'ग्रिजो' नामक करड्या कुत्र्याने आपले रक्षण केले, असे त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे; म्हणजे संरक्षण नाकारणारे ते नव्हते. आणि पोप फ्रान्सिस यांनी निवडीनंतरच्या पहिल्याच पवित्र गुरुवारी, २८ मार्च २०१३ रोजी, रोममधील कासाल देल मार्मो या बालसुधारगृहात जाऊन बारा तरुण बंदिवानांचे पाय धुतले. आपल्याकडील निरीक्षणगृहांतही भेटी देण्यास परवानगी मिळते. आपल्या किती धर्मग्रामांनी ती मागितली आहे?

राहता राहिला तो माणूस, ज्याच्या हातून खरोखरच संरक्षण करताना कोणाला जबर इजा झाली. मर्यादेत राहिला असेल, तर त्याच्यावर पापाचा दोष नाही, हे धर्मगुरूंनी त्याला निःसंदिग्ध सांगितले पाहिजे. तरी त्याचे मन जड राहील. संत बासिल यांनी चौथ्या शतकात युद्धात शत्रूला मारणाऱ्यांना खुनी मानले नाही, पण तीन वर्षे पवित्र कम्युनियनपासून दूर राहावे असा सल्ला दिला. ती प्रथा आज नाही. परंतु रक्त सांडलेल्या हातांना वेळ द्यावा लागतो, हे त्या काळी ओळखले होते.

आणि हल्लेखोर खाली पडला, कोयता हातून सुटला, की तो जखमी मुलगा असतो. पेत्राने कापलेला कान प्रभूने त्याच जागी, अटक होत असतानाच बरा केला, हे चारही शुभवर्तमानांपैकी एकट्या लूकने नोंदविले आहे. अशा वेळी ११२ वर पोलिसांना व १०८ वर रुग्णवाहिकेला बोलवावे. जमावाला त्याच्या अंगावर हात टाकू देऊ नये, कारण त्यापुढील प्रत्येक फटका कायद्याने नवा गुन्हा आहे. पडलेले शस्त्र उचलू नये, पोलिसांसाठी जागच्या जागी राहू द्यावे, आणि जबाबात घडले तेवढेच क्रमाने सांगावे.